साडेआठ हजारांत कळलं, पोटात प्रीव्होटेला आहे

बेळगावच्या वडगावात माझी पिठाची गिरण आहे. वय चोपन्न. दीड-दोन वर्षं झाली, संध्याकाळी पट्टा थांबवून घरी जायच्या वेळेला पोट ढोलासारखं फुगायचं. ओवा झाला, हिंग झाला, जिरं चावून झालं. पुण्याची पोरगी ऐकते कुठं. माझ्या वाढदिवसाला शर्टाऐवजी तिनं आतड्यातल्या जंतूंच्या तपासणीची पेटी पाठवून दिली. गट मायक्रोबायोम टेस्ट. किंमत साडेआठ हजार, हे मला नंतर कळलं, नाहीतर तिथंच परत केली असती. कंपनीचं नाव घालत नाही. एकाच पेटीवरून कुणाचं दुकान उठवायचं नाही, आणि बाकीच्या कंपन्यांच्या पेट्याही थोड्याफार अशाच असणार.

आधी चांगलं सांगतो. पेटी देखणी. आत एक नळी, तिच्या झाकणालाच चिमुकला चमचा, नळीत औषधी पाणी. मटारच्या दाण्याएवढा नमुना त्यात टाकायचा आणि खळखळून हलवायचं. त्या पाण्यामुळं जंतू जागच्या जागी थांबतात, त्यांचा डीएनए नासत नाही. म्हणून बर्फ नको, फ्रीज नको. कुरिअरवाला शनिवारी न येता सोमवारी आला तरी मला घोर लागला नाही, तो यामुळंच. फक्त पेटीतल्या चित्रात कमोड, आणि आमच्या घरी साधा संडास. नमुना धरायला दिलेली कागदाची झोळी लावायची कशाला? शेवटी जुना पेपर अंथरून काम भागवलं. सविस्तर सांगत नाही, जेवायच्या वेळी कोण वाचत असेल.

कुरिअरवाला पोरगा पाकीट हातात घेऊन म्हणतो, ‘इदराग एन ऐतरी?’ म्हणजे यात काय आहे. मी म्हटलं, ‘मेडिकल.’ त्यानं ते कानाजवळ नेऊन हलवून बघितलं.

पेटीबरोबर माहितीचं पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं, शरीरातल्या पेशींच्या दहापट जंतू असतात आणि त्यांचं वजन दोन किलो. पोरगी बायोटेक शिकलेली, तिनं फोनवरच खोडलं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लोकांनी 2016 साली नव्यानं हिशेब मांडला. पेशी साधारण 30 लाख कोटी, जंतू 38 लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीच. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. माझ्या काट्यावर पाव किलोला पन्नास ग्रॅम कमी. साडेआठ हजार घेऊन पुस्तकात जुना आकडा कशाला ठेवायचा?

अहवाल तीन आठवड्यांनी आला, बेचाळीस पानांचा, इंग्रजी नाहीतर हिंदी. मराठी नाही. कन्नडही नाही, म्हणजे या बाबतीत तरी इकडं दोघांनाही सारखाच न्याय. पहिल्याच पानावर मोठा आकडा, शंभरपैकी एकसष्ट. खाली हिरवं, पिवळं, लाल. दहावीच्या निकालाला घाबरलो नव्हतो तेवढा त्या लाल रंगाला घाबरलो. प्रीव्होटेला नावाचे जंतू जास्त, बॅक्टेरॉइडीस नावाचे कमी, आणि दोन मोठ्या कुळांचं प्रमाण बिघडलेलं.

हे काढतात कसं, ते पोरीकडून दोन-तीनदा समजून घेतलं. जंतूंच्या डीएनएत एक तुकडा असतो, 16एस म्हणतात. तो सगळ्या जंतूंत असतो, पण कुळाकुळात थोडा वेगळा. तेवढाच वाचायचा आणि कोण किती टक्के ते मांडायचं. माझ्या भाषेत सांगायचं तर जात्याच्या तोंडाशी चिकटलेलं पीठ बघून आधी जोंधळा दळला की गहू, ते मी सांगेन. पण तो मालदांडी होता की दुसरा कुठला, ते नाही सांगता येणार. 16एसचंही तसंच. कूळ कळतं, पोटजात बऱ्याचदा कळत नाही. आणि खरी गंमत पोटजातीत असते. ई. कोलाय म्हटलं की लोक दचकतात, पण त्याच्या कितीतरी जाती आपल्या पोटात गुमान नांदतात, आणि एखादीच जुलाबानं आडवं करते. सगळा डीएनए वाचणारी शॉटगन नावाची महागडी तपासणी असते, ती पुढचं सांगते. माझी ती नव्हती, आणि हे पेटीवर बारीक अक्षरात होतं.

दुसरं असं की सगळे आकडे टक्क्यांत. डब्यात शंभरात साठ भाग गहू आहे एवढं कळलं, तर डबा पाच किलोचा की पन्नास किलोचा ते कळतं काय? एक जंतू वाढला की बाकीचे घटलेले दिसणारच. त्यात हा एका सकाळचा नमुना. आदल्या दिवशी बारशाचं जेवण झालेलं, दोन वाट्या बासुंदी हाणलेली.

आता त्या लाल प्रीव्होटेलाबद्दल. जंतूंची तुलना ‘निरोगी लोकां’शी केली असं अहवालात होतं. कुठले निरोगी लोक? विचारलं तर उत्तर आलं, ‘आंतरराष्ट्रीय डेटाबेस.’ पोरीनं 2019 सालचा एक अभ्यास पाठवला. भोपाळकडच्या आणि केरळातल्या मिळून 110 निरोगी माणसांचा. त्यात भोपाळकडच्या, डाळ-धान्य-भाजी खाणाऱ्या माणसांच्या आतड्यात प्रीव्होटेलाचंच राज्य निघालं. म्हणजे दोन वेळ भाकरी-आमटी खाणाऱ्या माणसात प्रीव्होटेला सापडला, यात लाल रंग कशाला? उद्या माझ्या गिरणीत पीठ सापडलं म्हणून लाल शेरा माराल.

पण मला खरी चीड आली ती आहाराच्या पानांची. फॉर्म भरताना राज्य विचारलेलं. मी कर्नाटक भरलं, नाहीतर पिनकोड पुढं सरकत नव्हता. गावाचं नावही ‘बेळगाव’ टाइप केलं तर चालेना, 2014 च्या नोव्हेंबरपासून कागदावर बेळगावी. असो, सीमावादाच्या केसचा निकाल सुप्रीम कोर्टात 2004 पासून लागायचाय, मी एक फॉर्म अडवून काय करू. पण मग आहार आला तो असा: सकाळी रागी मुद्दे, दुपारी बिसिबेळे भात, रात्री अवरेकाळू सारू. वाईट काहीच नाही, पण ते म्हैसूर-बेंगळूरकडचं जेवण. आमच्याकडं जोंधळ्याची भाकरी, मटकीची उसळ, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी. आणि मध्येच कुठूनतरी किनोआ आणि अव्होकॅडो. आमच्या इथल्या रविवार पेठेत किनोआ विचारला तर माझा जुना दुकानदार म्हणाला, ‘शेठ, नवीन राजगिरा आहे काय हो तो?’

कंपनीची बाई फोनवर होती तेव्हा विचारलं. माझी बहीण शिनोळीला दिलीय, चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, इथून अर्ध्या तासावर. ती आणि मी एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलो. तिनं हीच तपासणी केली तर? ‘सर, स्टेट महाराष्ट्र डालेंगे तो डाएट चेंज हो जाएगा.’ आतड्यातले जंतू तेच असले तरी? ‘जी सर, सिस्टम में ऑटो आता है.’ म्हणजे माझ्या नमुन्यानं नाही, माझ्या पिनकोडनं आहार ठरला.

याच बाईनं पुढं प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगले म्हणतात त्या जंतूंची, तीन महिन्यांची पेटी विकायला सुरुवात केली. आणखी सहा हजार. रोज फोन. कुठले जंतू आहेत त्यात, माझ्यासाठी निवडलेत काय, विचारलं तर सगळ्यांना तीच पेटी.

शेवटी अहवाल पिशवीत घालून पोटाच्या डॉक्टरांकडं गेलो, ओळखीतून वेळ मिळाली. त्यांनी बेचाळीस पानं चाळली आणि बाजूला ठेवली. मला विचारलं: वजन घटलंय? नाही. परसाकडं रक्त? नाही. रात्री पोटदुखीनं जाग येते? नाही. गोळ्या कुठल्या? शुगरची मेटफॉर्मिन, दोन वर्षं झाली. दूध? रात्री म्हशीच्या दुधाचा मोठा पेला, लहानपणापासून.

ते नुसते हसले. मेटफॉर्मिननं अनेकांना गॅस आणि जुलाब होतात, आतड्यातल्या जंतूंची रचनाही बदलते. हे त्यांना माहीत, कंपनीच्या फॉर्ममध्येही मधुमेहावर मी खूण केलेली, पण बेचाळीस पानांत मेटफॉर्मिन हा शब्द एकदाही नाही. त्यांनी गोळी हळूहळू विरघळणारी करून दिली आणि दूध दोन आठवडे बंद, ताक-दही चालेल म्हणाले. दुधातली साखर पचवायची ताकद वयाबरोबर बऱ्याच जणांची कमी होते. सावधगिरी म्हणून गव्हाच्या ॲलर्जीची एक साधी रक्ततपासणी, मी गिरणवाला म्हणून. ती नॉर्मल आली. तिसऱ्या आठवड्यात पोट निम्म्याहून जास्त उतरलं. (गोळी आपल्या मनानं बदलू नका कुणी, शुगर वाढून बसेल.)

जंतूंचं शास्त्र खोटं आहे काय, असं मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, अजिबात नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा जुलाब परतून परतून येणाऱ्या पेशंटना निरोगी माणसाच्या शौचातले जंतू देऊन बरं करतात, अमेरिकेत त्याच्या औषधाला 2022 साली मान्यताही मिळाली. पण पेशंटनं स्वतःच मागवलेल्या अशा तपासण्यांना वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी 2024 च्या डिसेंबरात, लॅन्सेटच्या पोटविकारांच्या मासिकात, नको म्हटलंय. आणि दोन मोठ्या कुळांचं ते प्रमाण अहवालात छापूच नये असंही त्यात आहे. माझ्या अहवालात तेच सगळ्यात लाल. ‘हा अहवाल निदानासाठी नाही’ हेही होतं की, एक्केचाळिसाव्या पानावर.

एक गोष्ट मात्र या पेटीमुळं घरात सुरू झाली. 2018 सालच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आठवड्याला तीसपेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात जंतूंची विविधता जास्त दिसली होती. अहवालातलं हे वाक्य बायकोनं धरलं आणि मोजायला बसली. जोंधळा, तांदूळ, गहू, मटकी, चवळी, तूर, कुळीथ, शेंगा, तीळ, कारळे, जवस, लसूण, कांदा, मेथी, आंबाडी... मसाले सोडून सत्तावीस. म्हणाली, भोगीच्या भाजीच्या दिवशी तर एका कढईतच दहा-बारा होतात. आंबवलेल्याचंही तसंच. स्टॅनफर्डच्या 2021 च्या छोट्या अभ्यासात, 36 माणसांवरच्या, आंबवलेले पदार्थ वाढवले तशी विविधता वाढली होती. इडलीत जंतू उकडून मरतात म्हणून ती मोजायची नाही, असं पोरीचं म्हणणं. आंबील चालते, कारण ताक वरून कच्चंच घालतात. सासूबाई उन्हाळाभर करायच्या, आम्ही बंद केलेली. आता परत गाडगं निघालंय.

पाचपैकी दोन तारे. एक नळीतल्या पाण्याला, एक पेटीला. पेटीचं पुठ्ठं खरंच मजबूत आहे, बायकोनं त्यात मसाल्याच्या पुड्या भरून ठेवल्यात. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, वीस टक्के सूट, असा मेसेज काल आला. त्यात परत लिहिलंय, प्रिय ग्राहक, आपलं राज्य निवडा.