निळ्या सोनटक्क्याच्या नावाखाली हळद

निळा सोनटक्का जगात नसतो. पांढरा असतो, पिवळा असतो, केशरीही असतो. परंतु हे समजेपर्यंत माझे ३,९५० रुपये गेले होते.

आमच्या कोल्हापुरातल्या घराच्या परसात फणसाखाली न्हाणीचे पाणी मुरते आणि ऊन सकाळी दोन-तीन तासच पोहोचते. सोनटक्क्याला अशीच ओल आणि अर्धी सावली मानवते, म्हणून मोबाइलवरची जाहिरात पाहून अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात १९० रुपयांचा एक याप्रमाणे १२ गड्डे मागवले आणि कुरिअरच्या २२० रुपयांसह २,५०० रुपये आगाऊ भरले. मी बावीस वर्षे शाळेत शिकवले आहे, व्यवहाराला कच्ची नाही; विकणाऱ्याने रोपवाटिकेची छायाचित्रे आणि शिक्क्याचे बिलही पाठवले होते. छायाचित्रावर जाऊ नका, गड्डा कापून व्हिडिओवर दाखवायला सांगा.

खरी चूक पार्सल फोडल्यावर झाली. एक गड्डा नखाने खरवडला तर नख पिवळेधमक झाले आणि रोजच्या ओळखीचा वास आला. दर वर्षी सांगलीची हळकुंडे आणून दळणाऱ्या बाईला ओली हळद ओळखू येऊ नये, या विचाराने आजही मान खाली जाते. मी फोन केला, तेव्हा ‘ताई, निळी जात आतून पिवळीच असते’ असे सांगून त्याने गड्डे कुजू नयेत म्हणून औषधाचे आणखी १,४५० रुपये मागितले, आणि मी तेही दिले. औषध आले नाही, फोन बंद झाला. पावसात पाने थेट जमिनीतून लांब देठांवर वर आली. सोनटक्क्याची पाने उंच दांड्याला दोन्ही बाजूंनी लागतात.

पोलीस ठाण्यात सायबरकडे जा म्हणाले, तिथे बँकेचा उतारा मागितला, बँकेत ‘पैसे तुम्हीच पाठवलेत’ हे ऐकावे लागले, आणि चौथ्या खेपेस एका अधिकाऱ्याने ‘हळदीसाठी एवढी धावपळ कशाला’ असे विचारले. माझी तक्रार हळदीची नाही, फसवणुकीची आहे; रक्कम लहान म्हणून प्रत्येकाला असे परत पाठवणार असाल, तर त्या भामट्याने भ्यायचे कोणाला? पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी नऊ आठवडे घालवले.

शेजारच्या काकूंनी पांढऱ्या सोनटक्क्याचा डोळे असलेला गड्डा एक पैसाही न घेता दिला, तो फणसाखाली लावला आहे. बिल आणि सगळे संदेश जपून ठेवले आहेत. तक्रार मी मागे घेणार नाही.