ड्यूक, कॅरोलायना की स्टेट? 2025-26 चा हंगाम सुरू होण्याआधी संघ निवडताना

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी, मॉरिसव्हिल, एपेक्स भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांमधून दिवाळीच्या सुमारास एक प्रश्न हमखास येतो: कॉलेज बास्केटबॉलमध्ये आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं? इथे हा प्रश्न टाळता येत नाही. शाळेत मुलांना पहिल्याच महिन्यात विचारतात, गडद निळा, फिकट निळा की लाल? गडद निळं म्हणजे डरहमचं ड्यूक, फिकट निळं म्हणजे चॅपेल हिलचं यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना), ज्याला सगळे नुसतं कॅरोलायना म्हणतात, आणि लाल म्हणजे रालीचं एनसी स्टेट. ड्यूक आणि कॅरोलायनात जेमतेम 10 मैलांचं अंतर. तिघांची मिळून 13 राष्ट्रीय विजेतेपदं: कॅरोलायना 6, ड्यूक 5, स्टेट 2. देशात एवढ्याशा टापूत एवढं बास्केटबॉल दुसरीकडे सापडणं कठीण.

माझं एमएस स्टेटचं. पुण्या-मुंबईहून शिकायला आलेल्या कितीतरी जणांचं तसंच आहे. त्यामुळे माझा ओढा लाल रंगाकडे आहे, हे वाचताना लक्षात असू द्या. पण यंदाच्या संघांबद्दल पुढे जे लिहिलंय ते खेळ बघून लिहिलंय.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. खेळाडूंच्या नावांवरून संघ निवडायचे दिवस गेले. आता खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलू शकतो आणि त्यासाठी त्याला एक वर्ष बाहेरही बसावं लागत नाही. त्यात 1 जुलै 2025 पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली आहे. पहिल्या वर्षी सगळे खेळ धरून एका कॉलेजसाठी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा ठरली. परिणाम असा की मागच्या मार्चमध्ये ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला, त्यातले बरेच जण नोव्हेंबरात दुसऱ्याच जर्सीत दिसतात. यंदा स्टेटकडून खेळणारा वेन-ॲलन लुबिन मागच्या वर्षी कॅरोलायनात होता. म्हणून मी तिन्ही संघांना एकच प्रश्न विचारते: शेवटची दोन मिनिटं, सामना बरोबरीत, समोरचा संघ अंगावर येतोय, अशा वेळी चेंडू कोणाच्या हातात असेल?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते ड्यूकनेच 2025 च्या एप्रिलमध्ये दाखवलं. सॅन अँटोनियोला फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतला उपांत्य सामना, समोर ह्यूस्टन. 35 सेकंद उरले होते आणि ड्यूक 67-61 ने पुढे. ह्यूस्टनच्या इमॅन्युएल शार्पने तीनचा बास्केट मारला. मग ड्यूकने बाजूने आत टाकलेला चेंडूच ह्यूस्टनने पळवला आणि जोसेफ टगलरने डंक केला, 67-66. ड्यूकच्या टायरीस प्रॉक्टरचा फ्री थ्रो हुकला, तो रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेताना ड्यूकच्याच कूपर फ्लॅगवर फाउल लागला आणि जेवॉन रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो टाकून ह्यूस्टनला आघाडी मिळवून दिली. फ्लॅगचा शेवटचा शॉट आखूड पडला. 70-67. 35 विजय आणि 4 पराभवांचा हंगाम तिथे संपला. फ्लॅग पुढे एनबीएच्या निवडीत पहिला गेला, कॉन क्नूपल चौथा. एवढे गुणी खेळाडू असतानाही अर्ध्या मिनिटात चेंडू सांभाळता आला नाही.

त्या संघातले पाचही सलामीचे खेळाडू गेले, तरी एपी या वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत ड्यूक सहावं आहे. याचं मुख्य कारण कॅमेरॉन बूझर. सहा फूट नऊ इंच, पाठीमागून ढकलाढकली होत असतानाही शांतपणे योग्य पास शोधणारा. या वयात इतकी समज क्वचित दिसते. त्याचा जुळा भाऊ केडन गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारा खेळाडू, म्हणून खेळतो. वडील कार्लोस बूझर 2001 च्या ड्यूकच्या विजेत्या संघात होते. इटलीचा डेम सार बार्सिलोनाच्या संघातून आला आहे. आयझया एव्हान्स परतलाय. मागच्या डिसेंबरात ऑबर्नविरुद्ध पहिल्या हाफमध्येच त्याने सहा थ्री, म्हणजे तीन गुणांचे बास्केट, मारले होते, आणि यंदा त्याला तसे शॉट रोज मिळतील. बास्केटखाली पॅट्रिक एनगोंगबा आणि बचावात तरबेज मलीक ब्राउन आहेत. उंची, ताकद, बचाव, सगळं आहे.

पण चेंडू कोणाकडे? केलेब फॉस्टर तिसऱ्या वर्षात आहे. पहिलं वर्ष त्याचं दुखापतीने अर्धवट राहिलं, दुसऱ्या वर्षी त्याची मिनिटं कमी होत गेली. दुसरा पर्याय केडन, तर तो नवखा. प्रशिक्षक जॉन शायर यांना नोव्हेंबर-डिसेंबरात याचं उत्तर शोधावं लागेल, आणि वेळापत्रक अजिबात दयाळू नाही: सलामीलाच शार्लटमध्ये टेक्सस, मग कॅन्सस, आर्कान्सा, गतविजेते फ्लोरिडा, मिशिगन स्टेट. मला वाटतं ड्यूक त्यात एखाद-दुसरा सामना हरेल, आणि फेब्रुवारीत मात्र आपल्या लीगमधला, म्हणजे एसीसीमधला, सगळ्यात भारी संघ तोच असेल. कॅमेरॉन बूझर प्रसंगी स्वतः चेंडू पुढे आणू शकतो, हे त्यांचं हुकमाचं पान.

कॅरोलायनाचं दुखणं वेगळं होतं. मागच्या वर्षी त्यांच्याकडे गार्डच गार्ड होते आणि आत उंची नव्हती. 23 विजय, 14 पराभव ही आकडेवारी वरवर ठीक दिसते, पण तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या पहिल्या गटातल्या सामन्यांत त्यांची नोंद 1 विजय आणि 12 पराभव अशी होती. तरी एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या मार्चमधल्या स्पर्धेत प्रवेश मिळाला, आणि निवड समितीचे अध्यक्ष त्यांचेच क्रीडा संचालक होते, म्हणून देशभर ओरड झाली. ती ओरड मला अन्यायाची वाटली, कारण त्यांच्याबद्दल चर्चा होताना अध्यक्ष खोलीबाहेर जातात असा नियमच आहे. पण संघ कच्चा होता हेही खरं.

यंदा प्रशिक्षक ह्यूबर्ट डेव्हिस यांनी पुरता उलटा डाव मांडलाय. ॲरिझोनाहून सात फुटी एस्टोनियन हेन्री वेसार, अलाबामाहून जॅरिन स्टीव्हनसन, ज्याची शाळा शेजारच्या पिट्सबरोची, आणि अटलांटाचा केलेब विल्सन. विल्सनकडे नीट लक्ष ठेवा. सहा फूट दहा इंचांचा मुलगा रिबाउंड घेऊन स्वतःच चेंडू घेत दुसऱ्या टोकापर्यंत पळतो, आणि चुकला तरी लगेच बचावाला परततो. हा उत्साह पूर्ण हंगामभर टिकला तर चॅपेल हिलची गर्दी त्याला डोक्यावर घेईल. गार्डमध्ये मात्र एलियट कॅडो मिशिगनला गेला, आरजे डेव्हिसचं कॉलेज संपलं. उरला सेथ ट्रिंबल: बचावाला चोख, चौथ्या वर्षात, आणि आजच्या काळात चारही वर्षं एकाच कॉलेजात राहिलेला. माझ्या लेखी त्याची किंमत फार मोठी आहे. कोलोराडो स्टेटहून आलेल्या कायन एव्हान्सचा तीनचा नेम उत्तम आहे. पण एसीसीतल्या लांब हातांच्या बचावासमोर तो शेवटच्या मिनिटांत चेंडू पुढे नेऊ शकेल का, इथे मी साशंक आहे. क्रमवारीत कॅरोलायना 25 वं आहे आणि मला तो आकडा रास्त वाटतो.

आता स्टेट. इथे थोडी जास्त जागा घेते, कारण बदल सगळ्यात मोठा इथेच आहे.

2024 च्या मार्चमध्ये स्टेटने जे केलं ते अजून आठवलं की अंगावर काटा येतो. एसीसी स्पर्धेत दहावं मानांकन, पाच दिवसांत पाच सामने आणि पाचही जिंकले. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध खेळ संपताना मायकल ओ'कॉनेलने पळत पळत मारलेला थ्री बोर्डावर आपटून आत गेला, म्हणून सामना जादा वेळेत गेला. नाहीतर सगळं तिथेच संपलं असतं. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला 76-64 असं हरवून स्टेट फायनल फोरला पोचलं. 1983 नंतर पहिल्यांदाच. आणि पुढच्याच हंगामात 12 विजय, 19 पराभव. ज्या एसीसी स्पर्धेचे विजेते होते, तिथे जायलाही पात्र ठरले नाहीत. प्रशिक्षक केव्हिन कीट्स गेले आणि मॅकनीस कॉलेजहून विल वेड आले.

वेड यांच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एनसीएएच्या चौकशीत नियमभंगाचे आरोप झाल्यावर 2022 मध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट) कॉलेजने त्यांना काढलं होतं, आणि मॅकनीसला त्यांना पहिले 10 सामने निलंबित राहावं लागलं. ज्यांना हे खटकतं त्यांनी स्टेट निवडू नये, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. मलाही ते सहज पचलेलं नाही. पण प्रशिक्षक म्हणून काम बघा: मॅकनीससारख्या छोट्या कॉलेजला त्यांनी मागच्या मार्चमध्ये क्लेमसनविरुद्ध जिंकून दिलं. त्यांचा संघ पूर्ण कोर्टभर अंगावर येतो. कबड्डीत साखळी धरून चढाईवाल्याला कोपऱ्यात कोंडतात तसं दोघं मिळून चेंडूवाल्याला बाजूच्या रेषेकडे रेटतात, आणि तिसरा पास अडवायला टपलेला असतो. नव्या प्रेक्षकाला हा खेळ चटकन कळतो आणि आवडतो.

आणि माझ्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर याच संघाकडे आहे. क्वादिर कोपलँड वेड यांच्याच हाताखाली मॅकनीसला खेळून आला आहे, त्यांची पद्धत त्याला ठाऊक आहे. ट्रे हॉलोमनने फेब्रुवारीत मिशिगन स्टेटकडून खेळताना मेरीलँडविरुद्ध अर्ध्या कोर्टावरून शेवटच्या क्षणी बास्केट मारून सामना जिंकला होता. टेक्सस टेकहून आलेला डॅरियन विल्यम्स त्याहून मोठा. आर्कान्साविरुद्ध 16 गुणांनी मागे पडलेला सामना त्याच्या थ्रीने बरोबरीत आला आणि जादा वेळेत विजयी बास्केटही त्यानेच टाकला. तिघंही मुरलेले, मार्चमध्ये खेळलेले. कमतरता आहे ती उंचीची. लुबिन दणकट आहे, पण वेसार किंवा एनगोंगबासमोर त्याला मदत लागेल, आणि रिबाउंडवर स्टेट मार खाईल. पहिल्या 25 मध्ये त्यांचं नाव नाही. मला ते कॅरोलायनाच्या बरोबरीचे वाटतात, कदाचित हातभर पुढे.

प्रत्यक्ष जाऊन बघायचं असेल तर हिशोब आणखी बदलतो. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम 1940 चं, फक्त 9,314 जागांचं. विद्यार्थी कोर्टाला अक्षरशः चिकटून उभे असतात. तिथला आवाज टीव्हीवर कळत नाही, आणि मोठ्या सामन्याचं तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. मुलांना आतून कॅमेरॉन दाखवायचंच असेल तर ड्यूकच्या महिला संघाचा सामना गाठा. तिकीट मिळतं, आणि कारा लॉसन यांचा संघ 2025 चा एसीसी विजेता आहे, खेळ अव्वल दर्जाचा असतो. कॅरोलायनाचं डीन स्मिथ सेंटर त्याच्या दुपटीहून मोठं. वरच्या मजल्यावरून खेळाडू लहान दिसतात, पण छताला टांगलेल्या जर्सींमध्ये मायकल जॉर्डनची 23 नंबरची बघताना पोरांचे डोळे मोठे होतात. स्टेटचं लेनोवो सेंटर आइस हॉकीच्या संघाबरोबर वाटून घेतलेलं आहे, त्यामुळे वास्तूत जुन्या रेनॉल्ड्स कॉलिझियमची ऊब नाही. पण केरीहून जवळ, गाडी लावायला जागा, आणि साध्या सामन्यांना चौघांचं कुटुंब फारसा विचार न करता जाऊ शकतं. यंदा एसीसीने लीगचे सामने 20 वरून 18 केले, त्यामुळे स्टेट आणि कॅरोलायना नियमित हंगामात एकदाच भिडतील, तेही रालीत. त्या एका सामन्याची तिकिटं मात्र आत्ताच बघून ठेवा.

तर कोणासाठी काय? खेळ शिकायचाय, वरच्या दर्जाचं बास्केटबॉल बघायचंय आणि सामने बहुतेक टीव्हीवरच बघणार असाल, तर ड्यूक. घरात उंच, पळणारी, खेळणारी पोरं असतील आणि त्यांना एखादा खेळाडू डोळ्यांसमोर वाढताना दाखवायचा असेल, तर केलेब विल्सनसाठी कॅरोलायना. मात्र तो बहुधा एकच वर्ष राहील हे धरून चाला. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी मुलांना घेऊन प्रत्यक्ष जाऊन ओरडायचं असेल, तर स्टेट. नव्याने आलेल्या कुटुंबाला मी तेच सुचवते, कारण जो संघ जवळून बघता येतो त्याच्याशीच नातं जुळतं.

निर्णयाची घाई असेल तर 2 आणि 3 डिसेंबर 2025 च्या दोन रात्री मोकळ्या ठेवा. 2 तारखेला ड्यूककडे फ्लोरिडा येतंय आणि कॅरोलायना केंटकीला जातंय. 3 तारखेला स्टेट ऑबर्नच्या घरी. गुणफलक बाजूला ठेवा. शेवटच्या चार मिनिटांत ड्यूकचा चेंडू फॉस्टर पुढे आणतो की बूझर, केंटकीच्या दबावाखाली कायन एव्हान्स किती वेळा चेंडू घालवतो, आणि ऑबर्नमध्ये रिबाउंडवर लुबिनला कोणाची साथ मिळते, एवढंच बघा.