रॅकच्या खांबाला गार्ड: प्लास्टिकचा की लोखंडी?

फोर्कलिफ्टसारख्या गाडीची धडक मालाच्या रॅकच्या खांबाला बसू नये म्हणून खाली गार्ड लावतात. शिवडीच्या आमच्या गोदामात मी दोन्ही वापरलेत. आधी प्लास्टिकचे, आता बहुतेक लोखंडी.

खांब आधीच वाकला असेल तर गार्डचं नंतर बघा. गॅसने तापवून तो ठोकून सरळ करून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. पत्रा थंड असताना वळवल्याने आलेली ताकद तापवल्यावर जाते, खांब फक्त दिसायला सरळ होतो. माल उतरवून खांबच बदलावा, किंवा रॅक बनवणाऱ्याला विचारून बोल्टचं रिपेअर किट लावावं.

प्लास्टिकचा गार्ड खांबालाच बसतो. लादीला भोक नाही, गल्ली अडत नाही, आणि मुंबईत गल्लीतली दोन इंच जागाही मोलाची. बारीकसारीक धक्का लागला तर दबून पुन्हा पहिल्यासारखा होतो.

मला नडलं ते हेच. गार्ड पहिल्यासारखा झाला तरी आतला खांब होत नाही. एकदा पावसाळ्याआधी झाडझूड करताना पोराने एक गार्ड काढला. बाहेरून पिवळाधमक, फक्त एक काळा ओरखडा. आत खांबाची पुढची कड चेपलेली. मीटरभर लांबीची सरळ पट्टी लावली, तर मध्ये बोट जाईल एवढी फट. ईएन 15635 या युरोपीय मानकात बीमच्या (पॅलेट पेलणाऱ्या आडव्या दांड्याच्या) दिशेला 5 मि.मी. आणि रॅकच्या खोलीच्या दिशेला 3 मि.मी. एवढाच वाक चालतो. दुपटीच्या वर गेला की माल ताबडतोब उतरवायचा. वर तीन थर पॅलेट आणि खाली माथाडी, असं किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग दर शनिवारी गार्ड काढून बघायचं ठरवलं, पण कामाच्या रेट्यात ते महिनाभरही टिकलं नाही.

लोखंडी गार्ड अँकरने, म्हणजे लादीत रुतवलेल्या बोल्टने, जमिनीला पक्का करतात, खांबापासून थोडा सुटा. धडक लादीत जाते आणि खांब येता-जाता नजरेला पडतो. त्रास आहेच: जुन्या काँक्रीटमध्ये अँकर ढिले होतात, दमट हवेत बोल्ट गंजतात, उखडलेल्या भोकात नवा अँकर धरत नाही.

नुसता हँड पॅलेट ट्रक फिरत असेल तर प्लास्टिक पुरेसं असावं. फोर्कलिफ्ट असेल तर, माझ्या मते, गाडी वळते त्या टोकाच्या खांबांना तरी लोखंडीच घ्या, 400 मि.मी.पेक्षा बुटका नको. बसवणारा खांबाला टेकवून ठोकायला लागला, तर त्याला तिथेच थांबवा.