अँकीवर इंग्रजी इडियम्स: मार्चपासून वापरून राहिलो, त्याचा अनुभव

नागपूरच्या मिहानमध्ये सपोर्टचं काम करतो, दिवसभर अमेरिकन आणि ब्रिटिश क्लायंटसोबत कॉल असतात. व्याकरण ठीक होतं पण बोलणं एकदम सपक, चांगलं असलं की 'व्हेरी गुड' आणि नसलं की 'नॉट पॉसिबल', मधलं काही सुचतच नव्हतं. म्हणून इडियम्स, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचार, पाठ करायला मार्चमध्ये अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप टाकलं आणि आता दिवाळी आली तरी सोडलं नाही.

ॲप साधं आहे. कार्ड येतं, आठवायचं, उत्तर पाहून अगेन, हार्ड, गुड, ईझी यातलं एक बटण दाबायचं. जमलं ते काही दिवसांनी येते, मग काही आठवड्यांनी, नाही जमलं ते लगेच परत. दिसायला चकचकीत नाही, पण अँड्रॉइडवर फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं, सीताबर्डीहून खापरीपर्यंत मेट्रोत बसलो की माझा रोजचा अभ्यास आटोपतो. आयफोनवाल्यांना मात्र विकत घ्यावं लागते. सुरुवातीला रोजची नवी कार्डं २० असतात, ती सेटिंगमध्ये जाऊन ५ करा, नाहीतर रिव्हिजन साचते आणि मग उघडायचाच कंटाळा येतो.

खरा फरक पडतो तो कार्ड कसं बनवता यानं. तयार डेकमध्ये (म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) पुढे इडियम, मागे अर्थ असं असते, आणि भरणा 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'सारख्यांचा, जे आपल्याला शाळेत हमखास शिकवतात पण मला तरी कॉलवर एकाही क्लायंटच्या तोंडून ऐकू आलं नाही. असा अभ्यास केला की इडियम ओळखता येतो, वेळेवर तोंडातून निघत नाही. मी उलट करतो. पुढच्या बाजूला प्रसंग लिहितो, तोही मराठीत, 'नाव ऐकल्यासारखं वाटते पण नक्की आठवत नाही', आणि मागे 'द नेम रिंग्ज अ बेल'. 'पक्का आकडा नको, अंदाजे सांगा' याच्या मागे 'कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर?' हा बेसबॉलमधून आलेला आहे. प्रसंग आपल्याच कामातला असला की कॉलवर तसं काही झालं रे झालं, वाक्य आपोआप येतं, आणि हा आनंद खरंच मोठा आहे भाऊ, समोरचाही मोकळा बोलायला लागते.

पूर्ण वाक्यच टाका, सुटा इडियम नको. कारण यांची ठेवण बदलता येत नाही. आपण 'तोंडाला पानं पुसली' म्हणतो, 'पान पुसलं' म्हटलं तर कसं वाटेल? तसंच 'स्पिल द बीन्स'चं (म्हणजे गुपित फोडणं), बीन एकच सांडून चालत नाही. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं तर कोणी मेलं असा अर्थ उरत नाही, खरोखरची बादली लाथाडली असं होते.

कार्डावर ब्रिटिश की अमेरिकन हेही लिहून ठेवा. ब्रिटिश माणूस 'टच वुड' म्हणतो, अमेरिकन 'नॉक ऑन वुड', इथे गडबड झाली तरी बिघडत नाही. पण मीटिंगमध्ये 'लेट्स टेबल इट' आलं तर सांभाळा, ब्रिटिशांकडे याचा अर्थ विषय आता चर्चेला घेऊ आणि अमेरिकेत विषय नंतरसाठी बाजूला ठेवू, म्हणजे अगदी उलट. इनफॉर्मल की जुनाट हे चांगल्या ऑनलाइन डिक्शनरीत नोंदीजवळ दिलेलं असतं, ते पाहिल्याशिवाय मी कार्ड बनवतच नाही.

आणि मनात वाचू नका, मोठ्यानं म्हणा. कार्डात आवाज रेकॉर्ड करता येतो, मी घरी तेच करतो. 'कॉल इट अ डे' (आजचं काम इथंच थांबवू) याचे चार शब्द वेगवेगळे तोडून म्हटले की पाठांतर वाटते, एका दमात जोडून म्हटलं पाहिजे.

बँकेच्या किंवा स्पर्धा परीक्षेत अर्थ विचारतात, त्याच्यासाठी तयार डेक चालून जाईल, तिथं ओळखता आलं की झालं. बोलायचं असेल तर स्वतःचाच बनवा. मी आता फ्रेझल वर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला छोटे शब्द जोडून वेगळा अर्थ होणारे, घेतले आहेत, 'पुट ऑफ', 'पुट डाउन', 'पुट अप विथ' एकाच दिवशी टाकले की एकमेकांत गुंततात, म्हणून मध्ये आठवडाभर जाऊ देऊन एकेक टाकून राहिलो.