कोमट झाल्यावर पिववेल ते

सातारा माझं सासर, चिपळूण माहेर. शेहेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतली आणि पुढच्याच वर्षी उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून माहेरी गेले. आता वर्षातून तीनदा तरी ही फेरी होते. एक दिवस जायचं, रात्री आईकडे राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. जाताना काही वाटत नाही. परतीला मात्र पोफळी सोडलं की घाट अंगावर येतो, आणि माहेरहून ठरल्या वेळेला निघणं आजवर कुठल्या बाईला जमलंय? पहाटे साडेपाचला निघायचं ठरतं, वहिनी घावने घालते, आई डबे भरते, नऊ वाजतात. मग भर अकराच्या उन्हात मी पोफळीत, अंगात कोकणातला तो चिकट घाम, आणि बाटलीतलं पाणी आंघोळीला घ्यावं इतकं ऊन झालेलं.

सायकलवर काय प्यावं याची माझी परीक्षा तिथे होते. फ्रीजमधून काढल्यावर कुठलंही सरबत गोडच लागतं. तिथल्या उन्हात, कोमट झालेलं, घोटभर घेतल्यावर दुसरा घोट घ्यावासा वाटतो का, एवढंच मी बघते. पाकिटावरचे आकडे नंतर.

आकडे मला वाचता येतात, कारण आमचं साताऱ्यात औषधाचं दुकान आहे. काउंटरला मी असते. त्यामुळे आमच्या सायकलच्या गटातली पोरं माझ्याकडेच विचारायला येतात, "काकी, कुठली पावडर चांगली?" आणि मी गिऱ्हाईक घालवते.

सुरुवात मीही पाण्यात टाकायच्या फसफसत्या गोळ्यांनीच केली होती. वीस गोळ्यांची नळी, संत्र्याचा वास, वर धावणाऱ्या माणसाचं चित्र. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्या साधारण एकाच माळेच्या आहेत. पहिली तक्रार ही की गोळी विरघळायच्या आत झाकण लावलं तर वायू कोंडतो. उंब्रजच्या अलीकडे दातांनी बाटलीची नळी ओढली आणि चष्म्यावर संत्र्याचा फवारा बसला. दुसरी तक्रार मोठी. त्यात साखर जवळजवळ नसते, गोडी असते ती सुक्रालोजची. थंड असताना जाणवत नाही. कोमट झालं की जिभेच्या मुळाशी एक गोडूस, औषधी चव राहते आणि पुढचे दहा किलोमीटर जात नाही. तासाभराच्या व्यायामाला ठीक आहे. सहा तासांच्या रस्त्यावर पायांना इंधन लागतं, ते या नळीत नाही. पोफळीच्या परीक्षेत नापास. उरलेल्या सात गोळ्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

मग वाटलं, आपल्याच दुकानात ओआरएस आहे की. इथे मी शिकलेली असून चूक केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. माझी बाटली साडेसातशेची, त्यात वर बर्फ भरलेला. अख्खी पुडी ओतली. पाटणपर्यंत पोटात डचमळायला लागलं, आणि कोयनानगरच्या आधी एका हॉटेलच्या मागच्या बाजूची सोय शोधावी लागली. द्रावण दाट झालं की आतडं पाणी आत घेण्याऐवजी अंगातलंच पाणी स्वतःकडे ओढतं. हेच मी रोज गिऱ्हाइकाला सांगते, "लिटरभर पाणी मोजून घ्या हं!" घरी आल्यावर मिस्टरांनी तेच वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकवलं.

नीट केलेल्या ओआरएसला मात्र नाव ठेवायला जागा नाही. लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून लोकांना पाजलं आणि हजारो जीव वाचले. पण ते जुलाबाचं औषध आहे. लिटरभर प्यायलं तर जेमतेम चोपन्न कॅलरी मिळतात, घाटात त्या दहा मिनिटांत संपतात. मीठही घामाला लागतं त्याहून बहुधा जास्तच. म्हणून पुडी मी सामानात ठेवते, पोट बिघडलं तर म्हणून. बाटलीत भरत नाही.

टेट्रापॅकमधली रंगीत पाणी ओआरएस म्हणून खपत होती, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द घालायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२५ च्या ऑक्टोबरात मनाई केली, तेव्हा माझ्या काउंटरची एक फळी रिकामी झाली. धंदा गेला, पण आयांना समजावण्याचा ताप वाचला.

साधं पाणी का नको, असं आई विचारते. एका मे महिन्यात मी तेही करून पाहिलं. तहान लागो न लागो, दर पंधरा मिनिटांनी पाणी, दिवसभरात साडेपाच लिटर, खायला दोन केळी आणि चिक्की. कऱ्हाडचा फाटा मागे पडेपर्यंत डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं, आणि हँडल धरवेना. बघते तर बोटं सुजून अंगठी रुतलेली. आणखी पाणी पिणार होते, तेवढ्यात माझ्यातली औषधवाली जागी झाली. घामातून मीठ जात राहिलं आणि वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते प्रकरण जिवावर बेतू शकतं. मीठ लावलेले शेंगदाणे खाल्ले, तासभर सावलीत बसले, तिथून मिस्टरांना गाडी घेऊन बोलावलं. अंगठी तेव्हापासून घरी ठेवून जाते.

त्यानंतर एकदा हिशेब केला. यवतेश्वरचा घाट चढून कासला गेले आणि परत आले, अडीच तास. जाण्याआधी आणि आल्यावर वजन केलं. ७५० मिली पिऊनही १.१ किलो कमी भरलं. म्हणजे घाम झाला १.८५ लिटर, तासाला पाऊण लिटरच्या आसपास. हा माझा आकडा, तोही फेब्रुवारीतला. तुमचा तुम्ही काढा, काट्याशिवाय काही लागत नाही. गेला तितका सगळा भरून काढायचीही गरज नसते. तहान लागेल तसं प्यायचं आणि घरी येईपर्यंत वजन वाढलेलं नको, इतकं मी पाळते.

आता रस. उंब्रजच्या बाजूला उसाचा मुलूख, त्यामुळे घुंगरांचा आवाज दुरूनच येतो. ओळीने दोन-तीन पाट्या कानिफनाथ नाहीतर नवनाथ रसवंतीच्या असतात. हा धंदा पुरंदर तालुक्यातल्या लोकांनी गावोगाव नेला आणि बोपगावच्या कानिफनाथाचं नाव बरोबर नेलं. माझं ठरलेलं आहे, एका वडाखालचं गुऱ्हाळवजा दुकान. मालक ओळखतो. मी सायकल टेकवेपर्यंत तो पहिलं कांडं चरकात सरकवतो. "बिनबर्फाचा ना ताई?" बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही म्हणून बिनबर्फाचा. कांडं दुमडून दुसऱ्यांदा घालताना मध्ये आल्याचा तुकडा आणि अर्धं लिंबू ठेवतो, तिसऱ्या वेळेला चिपाडाची चिंधी झालेली असते. वर मी मीठ मागून घेते, चिमूटभर नाही, चांगलं बोटभर. पेला तोंडाशी नेला की आधी फेसाचा हिरवा वास येतो. दोन मिनिटांत पायात फरक पडतो असं मी म्हटलं तर ती श्रद्धा समजा, कारण इतक्या लवकर ते पोटातूनही खाली उतरत नाही. पण वीस मिनिटांनी पडतोच.

तरी रस बाटलीत भरू नका. तासाभरात काळा पडतो, दोन तासांत आंबतो. आणि त्यात साखर शेकडा तेरा-चौदाच्या घरात, म्हणजे चालत्या सायकलवर पोटाला जड. एक पेला, मागून साधं पाणी, आणि पुढे किमान अर्धा तास सपाट रस्ता हवा. घाटाच्या तोंडाशी घेतलात तर पहिल्याच वळणावर आठवण येईल.

ताक पाटणला जेवताना, तेही जेवणासोबतच. घाटात ताकाचे ढेकर येतात आणि बाटलीच्या रबरातला वास महिनाभर जात नाही. शहाळं चिपळुणात पोचल्यावर, आंघोळ करून. पोटॅशियम भरपूर, पण घामातून प्रामुख्याने जातं ते सोडियम, आणि ते त्यात तितकं नसतं. घाटमाथ्यावर चहा. चहाचं परीक्षण करण्याइतकी मी मोठी नाही.

मग बाटलीत काय? गेली तीन वर्षं माझ्या बाटलीत आगळ आहे.

लगेच "आजीच्या बटव्यातलं" वगैरे म्हणू नका, मला तो शब्द ऐकला की दुकान बंद करावंसं वाटतं. आगळ मी निवडलं ते हिशेबाने. पिकलेल्या कोकमाच्या साली आणि गर मिठात मुरवून जो गडद रस सुटतो तो आगळ. त्यात साखर नसते, मीठ दणकून असतं. बाजारात कोकम सरबत म्हणून मिळतो तो साखरेचा पाक, तो निराळा. मी ७५० मिलीच्या बाटलीला ४० ग्रॅम साखर घेते, वजन करून. म्हणजे द्रावण साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर, पोट कुरकुरत नाही. त्यात चहाचे दोन चमचे आगळ. वरून मीठ नाही. साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. महागड्या पावडरींच्या डब्यावरही हीच दोन नावं ठळक छापलेली असतात. आगळ नसेल तेव्हा लिंबू आणि पाव चमचा मीठ, म्हणजे दीडेक ग्रॅम, त्यातून सहाशे मिलिग्रॅमच्या जवळपास सोडियम मिळतं. बीपीची गोळी चालू असेल तर हे प्रमाण आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, मला काउंटरवर नको.

आणि पोफळीची परीक्षा? आंबट आणि खारट एकत्र असलं की कोमटपणा डाचत नाही. सार आपण गरमच पितो ना, जीभ तशी तयारच असते. तिथे दगडावर बसून बाटली अर्धी होते आणि तरी हात परत जातो. संत्र्याच्या गोळीच्या वेळी मी बाटलीकडे बघणं टाळत होते.

दोष आहेत. आगळातलं मीठ घरोघरी वेगळं. वहिनीचं जरा खारट, म्हणून तिने "वन्सं, हे घ्या" म्हणून दिलेल्या बाटलीतलं मी दीडच चमचा घालते. नवी बाटली उघडली की आधी घरी पेलाभर करून चव घ्यायची, रस्त्यात प्रयोग नकोत. एकदा हौसेने भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली, ती नळीच्या तोंडाशी बसली आणि घाटात मी लहान बाळासारखी चोखत राहिले, थेंब येईना. पांढऱ्या जर्सीवर डाग पडला की पडला. पित्ताचा त्रास असणाऱ्यांना रिकाम्या पोटी सोसेलच असं नाही. आणि सायकलची पारदर्शक बाटली कायमची गुलाबी होते, ती मी आता वेगळीच ठेवली आहे.

वेगळी ठेवण्यामागे आणखी एक कारण. मी दोन बाटल्या नेते, एक आगळाची, एक साध्या पाण्याची. साधं पाणी घाटात डोक्यावर ओतायला. मागच्या एप्रिलमध्ये दोन्ही बाटल्या सारख्याच काळ्या होत्या. अर्धा घाट चढून कठड्याला टेकले, हेल्मेट काढलं, बाटली उचलली, डोळे मिटले आणि सगळी डोक्यावर रिकामी केली. गार वाटण्याऐवजी चिकट वाटलं. तेवढ्यात वरून येणारा टोमॅटोचा टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर उडी मारूनच उतरला. "ओ ताई, हलू नका! डोक्यातनं रक्त यायलंय की!"

मी म्हटलं, "रक्त नाही हो, कोकम आहे."

तो क्षणभर बघत राहिला, मग त्याने टेम्पोतलं पाण्याचं कॅन आणलं आणि माझ्या डोक्यावर धार धरली. साखरेमुळे घाटमाथ्यापर्यंत माश्या मागे होत्या. आता साध्या पाण्याच्या बाटलीला मी दुकानातले दोन रबरबँड लावते, डोळे मिटून हाताला लागतील असे.