नैरोबी ते केपटाउन ट्रकने: दोन कंपन्या, 57 दिवस

परत येऊन पाच महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसते सिंह आणि सूर्यास्त लिहिले असते. आता पैशांचा हिशेब पुरा झालाय, ओळखीतल्या चार-पाच जणींनी "कोणती कंपनी घेऊ?" म्हणून विचारून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी 54 वर्षांची, नाशिकची. सोबत धाकटी बहीण. दोघींनी सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, त्यामुळे तंबूत झोपण्याचं काही वाटत नव्हतं. प्रवास असा: नैरोबीहून युगांडा-रवांडा करून परत नैरोबी, मग टांझानिया, मलावी, झांबिया करत लिव्हिंगस्टन. इथपर्यंत ट्रकमधून पर्यटकांना फिरवणारी एक कंपनी. तिथून बोट्सवाना, नामिबिया करून केपटाउनपर्यंत दुसरी, कारण पहिलीच्या तारखा जुळत नव्हत्या. दोन्हींची नावं देत नाहीये. एकाच कंपनीचे दहा ट्रक दहा रस्त्यांवर असतात. माझं मत माझ्या ट्रकपुरतं आहे, ते सगळ्या कंपनीवर लादणं मला योग्य वाटत नाही.

आधी पैसे. वेबसाइटवर दिसते ती किंमत म्हणजे ट्रक, तंबू आणि जेवण. त्यावर 'लोकल पेमेंट' म्हणून डॉलरमध्ये रोख रक्कम पहिल्याच दिवशी टूर लीडरच्या हातात द्यायची. कँपसाइटचं भाडं, बाजारहाट, काही उद्यानांची फी त्यातून जाते. आणि ज्यासाठी आपण आफ्रिकेत जातो त्या बहुतेक गोष्टी 'ऐच्छिक' या सदरात. गोरिलांचं परमिट युगांडात 800 डॉलर आणि रवांडात 1500, भेट एका तासाची. टांझानियातल्या सेरेंगेटी-गोरोंगोरोच्या जंगलांत मोठा ट्रक नेत नाहीत, अरुशा शहराच्या पुढे लँड क्रूझरमध्ये बसावं लागतं. तो खर्च पॅकेजमध्ये आहे की वेगळा, हे कंपनीगणिक बदलतं. 100 रुपयांचं वाटलेलं पॅकेज आम्हाला 160 ला पडलं. त्यामुळे दोन कंपन्यांच्या किमती शेजारी शेजारी ठेवून स्वस्त कोण हे ठरवूच नका. दोघांकडून "यात नेमकं काय नाही?" याची यादी ईमेलवर मागवा. डॉलरच्या नोटा नव्या आणि न चुरगळलेल्या न्या. 2009 च्या आधीच्या नोटा पूर्व आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

दुसरी गोष्ट व्हिसाची. या कंपन्यांची माहितीपत्रकं ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन पासपोर्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. "सीमेवर मिळेल" असं छापलेलं वाचून भारतीय माणसाने निर्धास्त राहू नये. प्रत्येक देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आम्ही मुंबईतूनच काढून नेला. केनिया, युगांडा, रवांडा या तिघांसाठी मिळून 100 डॉलरचा, 90 दिवसांचा ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा असतो. आमच्यासारखं केनियात परत यायचं असेल तर तो फार सोयीचा. कंपनीने तो सुचवलाच नव्हता, बहिणीने शोधला. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

आता ज्यामुळे पहिली कंपनी आमच्या मनात बसली ते सांगते. ट्रकवर तीन माणसं होती: लीडर, ड्रायव्हर आणि स्वयंपाकी. स्वयंपाकी केनियाचा. आम्ही दोघी शाकाहारी म्हटल्यावर त्याने कपाळाला आठी घातली नाही. दुसऱ्याच संध्याकाळी तो शेगडीवर चपात्या लाटून भाजत होता. तिकडेही चपातीला चपातीच म्हणतात, चहाला चाय आणि गाडीला 'गारी'. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी. तीच उकड मलावीत न्सिमा, झांबियात न्शिमा. स्वयंपाकी मला 'मामा', म्हणजे आई, म्हणायचा. तिकडे माझ्या वयाच्या बाईला आदराने असंच म्हणतात, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

स्वयंपाकी असला तरी कामं वाटलेली असतात. भाजी चिरणं, भांडी, ट्रक झाडणं, आळीपाळीने. भांडी घासायची पद्धत बघण्यासारखी: तीन घमेली, पहिल्यात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात डेटॉलचं पाणी. मग फडक्याने पुसायचं नाही, कारण ओल्या फडक्यानेच सगळ्या ट्रकची पोटं बिघडतात. प्रत्येकाने दोन हातात दोन ताटल्या घेऊन त्या कोरड्या होईपर्यंत हवेत हलवायच्या. अंधारात, हेडलँप लावून, सतरा माणसं पंख फडफडवल्यासारखी उभी. पहिल्या 36 दिवसांत आमच्या ट्रकवर एकही जण पोटाने आजारी पडला नाही. कंपनी किती शिस्तीची आहे ते मला या तीन घमेल्यांत कळलं.

दुसऱ्या कंपनीत स्वयंपाकी नव्हता. ड्रायव्हर आणि लीडर एकच माणूस. दिवसभर गाडी चालवून त्यानेच रात्री चूल पेटवायची. तो मनाने चांगला होता, पण थकलेला होता, आणि आठशे मीटरवर हत्ती उभा असताना मागे वळून बोलायलाही त्याला उसंत नव्हती. सुरुवात छान झाली, झांबिया-बोट्सवाना सीमेवरचा, काझुंगुलाचा 2021 मध्ये खुला झालेला 923 मीटरचा पूल ओलांडून आम्ही भराभर बोट्सवानात आलो. पूर्वी इथे ट्रक तराफ्यासाठी ताटकळायचे. बोट्सवानातल्या ओकावांगो नदीच्या मोकोरो होड्याही सुरेख. पण नामिबियाची राजधानी विंडहुकहून इटोशा राष्ट्रीय उद्यानाला निघालो त्या दिवशी टायर फुटला, तो बदलला, आणि तासाभरात बदललेलाही गेला. कापड दिसत होतं त्यातून. माहितीपत्रकात 'दुपारी गेम ड्राइव्ह', म्हणजे गाडीतून प्राणी बघत फिरणं, असं लिहिलं होतं. आम्ही कँपच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा सूर्य टेकलेला, आणि सूर्यास्ताला ही फाटकं बंद होतात. गेम ड्राइव्ह गेली ती गेलीच. पैसे परत मागितले, उत्तर आलं नाही.

त्या रात्री इटोशातल्या ओकाउकुएजो कँपच्या पाणवठ्यावर मात्र आम्ही अडीचपर्यंत बसलो. तिथे रात्रभर मंद दिवे असतात आणि माणसं दगडी भिंतीमागे गप्प बसतात. एक काळी गेंडीण पिल्लाला घेऊन आली. पिल्लाने पाण्यात पाय टाकला, मागे घेतला, परत टाकला. तिचं पाणी पिणं आम्हाला इतक्या लांबूनही ऐकू येत होतं. जुलैचा गारठा, दोघींनी स्लीपिंग बॅगा अंगाभोवती गुंडाळलेल्या. बहीण रडत होती. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी उबदार स्लीपिंग बॅग न्यावीच. गोरोंगोरोच्या काठावरच्या कँपमध्येही, जवळपास 2300 मीटर उंचीवर, आम्हाला हाच अनुभव आला.

ज्यांना सकाळी सहाला तंबू पाडायचा कंटाळा आहे, किंवा सात-आठ तास बसून पाठ धरते, त्यांनी हा प्रकार घेऊ नये. अरुशा ते दार-एस-सलाम 600 किलोमीटरच्या वर आहे, आणि टांझानियात गावागावांत ताशी 50 ची मर्यादा व पोलीस.

पुढच्या वर्षी आम्ही फक्त नामिबिया करतोय, तीन आठवडे. या वेळी चार कंपन्यांना एकच ईमेल पाठवला: ट्रकवर कर्मचारी किती, स्वयंपाकी वेगळा आहे का, ट्रक कोणत्या वर्षीचा, सर्वांत लांब दिवस किती तासांचा, लोकल पेमेंटमध्ये काय येतं. दोघांनी पुन्हा माहितीपत्रकच पाठवलं. एकाचं उत्तरच नाही. चौथी आमची पहिलीच कंपनी. तिने दुसऱ्या दिवशी पाचही उत्तरं क्रमाने लिहून पाठवली आणि खाली एक ओळ: शाकाहारी दोघी, नोंद केली आहे. त्यांना ॲडव्हान्स भरलाय.