रिचमंडची गोदी की विलो रनचा कारखाना?

भाचीला दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी कारखान्यांवर प्रकल्प करायचाय. कॅलिफोर्नियात रिचमंडला असलेली उद्योगपती कैसरची जहाजगोदी घ्यावी की मिशिगनमधला फोर्डचा विलो रन विमान कारखाना, यावर गाडी अडलीय.

वेग: रिचमंडने नोव्हेंबर १९४२ मध्ये 'रॉबर्ट ई. पीअरी' हे लिबर्टी प्रकारचं मालवाहू जहाज पाच दिवसांच्या आत बांधून पाण्यात सोडलं. पण तो मिरवायचा विक्रम. मोठमोठे भाग आधीच जोडून ठेवले होते. विलो रन सुरुवातीला इतकं रखडलं की लोक 'विल इट रन?' (चालेल का हे?) म्हणून चिडवत. १९४४ मध्ये मात्र तासाला एक बी-२४ बॉम्बफेकी विमान बाहेर पडू लागलं.

दर्जा: लिबर्टी जहाजांत रिव्हेटच्या खिळ्यांऐवजी वेल्डिंग, म्हणून काम झटपट. पण थंड पाण्यात पोलाद ठिसूळ व्हायचं आणि तडा एका पत्र्यातून थेट पुढच्यात धावायचा. विमानांचं दुखणं वेगळं: लष्कर आराखडा सारखा बदलायचं.

राहण्याचे हाल दोन्हीकडे. रिचमंडमध्ये तर एकच खाट वेगवेगळ्या पाळ्यांतले कामगार आळीपाळीने वापरत.

बायका, दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय कामगार, कामगारांचं आरोग्य यांत रस असेल तर रिचमंड घे. यंत्रं आणि उत्पादनतंत्र आवडत असेल तर विलो रन.